सुट्या भागांचा बाजार : दौंड-शिरूरच्या संदर्भात हौशी बिनतारी देवघेवीचे बदलते स्वरूप

जत्रेला लोटणाऱ्या माणसांची मराठीने तीन शब्दांत वर्गवारी करून ठेवली आहे : हौसे, नवसे आणि गवसे. हौसे मौजेखातर येतात, नवसे बोललेला नवस फेडावयास येतात, आणि गवसे काही हाती गवसते का हे पाहावयास येतात. रांजणगावच्या गणपतीचा भाद्रपदातील उत्सव असो की एखाद्या खेड्यातील उरूस असो, ही वर्गवारी सर्वत्र लागू पडते. विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत एक निराळ्याच प्रकारची जत्रा भरू लागली. तिलाही हे तीन शब्द चपखल बसतात. सरकारी परवाना घेऊन केवळ छंद म्हणून स्वतःचे बिनतारी प्रक्षेपक चालविणारी मंडळी ठरल्या दिवशी एखाद्या मैदानात जमतात, आपापल्याकडील जुनी यंत्रे व सुटे भाग मांडतात, आणि एकमेकांशी अदलाबदल करतात. 'हॅमफेस्ट' किंवा 'स्वॅप मीट' ह्या नावांनी हे मेळावे ओळखले जातात. अमेरिकेत डेटन येथे १९५२ पासून भरत आलेला मेळावा त्यांत सर्वांत प्रसिद्ध होय. १९६४ ते २०१६ ह्या काळात तो हारा अरेना ह्या क्रीडागृहात व त्याच्या पटांगणात भरे. ते क्रीडागृह बंद पडल्यावर २०१७ पासून तो जवळच्या झीनिया गावी हलविण्यात आला.

ह्या मेळाव्यांच्या इतिहासाविषयी जे बोलले व लिहिले जाते त्याचा सूर बहुधा ठराविक असतो. पूर्वी वस्तूला वस्तू मिळे, आता विक्री आली. पूर्वी हौशांची गर्दी असे, आता गवशांची झाली. त्या देशांपुरते हे वर्णन खरे असेल. महाराष्ट्राच्या बाबतीत मात्र ते जसेच्या तसे उचलता येत नाही. येथे हौशी बिनतारीला स्वतःचे मैदान फार उशिरा व फार थोडे लाभले. तिची देवघेव प्रथमपासून दुसऱ्यांच्याच बाजारात, भंगारवाले आणि लिलावदार ह्यांच्या आश्रयाने चालली. असे का झाले, आणि त्या आश्रयाचे पुढे काय झाले, हा येथील प्रश्न आहे. त्यासाठी भीमेच्या दोन्ही अंगांचे दौंड व शिरूर हे तालुके सोयीचे आहेत. एकात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील एक अत्यंत महत्त्वाचे बिनतारी केंद्र होते. दुसऱ्यात जुना छावणीचा बाजार होता, व आज तेथे विद्युत्-उपकरणांचे मोठे कारखाने उभे आहेत.

आधी थोडे शब्दांविषयी. 'हौस' हा शब्द अरबी 'हवस'पासून फारसीच्या वाटेने आला. मूळ शब्दातील वखवखीचा अर्थ मराठीत गळून गेला आणि निरागस आवड तेवढी उरली. 'हौशी' हे विशेषण नाटकमंडळ्यांना लागले, आणि तेथूनच ते बिनतारीवाल्यांकडे आले असे मानावयास हरकत नाही. 'बिनतारी' ही घडणही लक्षात घेण्याजोगी आहे. फारसी 'बिन' आणि आपली 'तार' ह्यांच्या संयोगातून झालेला हा शब्द वस्तू काय आहे हे न सांगता तीत काय नाही तेवढेच सांगतो. अदलाबदलीसाठी मराठीत शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. साटेलोटे, उसनवारी, मोबदला हे आहेतच. शिवाय 'मोड' हा फार अर्थपूर्ण शब्द आहे. जुने, फुटके भांडे तांबटाकडे मोडीत घालून त्याच्या वजनाचा धातू नव्या भांड्याच्या किमतीत वळता करून घेणे हा घरोघरचा व्यवहार होता. बोहारणीशी होणारा कपड्याभांड्यांचा व्यवहारही त्याच जातीचा. म्हणजे वस्तू जुनी झाली तरी तिची किंमत संपत नाही, ती केवळ दुसऱ्या मापाने मोजली जाते, ही कल्पना ह्या समाजाला नवी नव्हती. आणखी एक शब्द येथे नोंदविण्याचा मोह आवरत नाही. टाकाऊ मालाला आपण 'भंगार' म्हणतो. जुन्या मराठीत 'भांगार' म्हणजे सोने, आणि कोकणीत त्याच कुळातला शब्द आजही सोन्यालाच लावतात. दोहोंची व्युत्पत्ती एकच आहे असे म्हणण्याचे धाडस करू नये. पण बिनतारीच्या इतिहासात हे दोन शब्द एकमेकांच्या फार जवळ राहिले आहेत.

ही जवळीक दौंडला प्रत्यक्ष पाहावयास मिळते. पुण्याहून सोलापूरकडे जाणारी लोहमार्गाची शाखा १८५८ साली दिक्सळपर्यंत पोचली तेव्हा दौंड गाडीच्या वाटेवर आले. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि ते जंक्शन बनले. इंग्रजी दप्तरांत ह्या गावाचे नाव 'धोंड' असे लिहिलेले आढळते. महाप्राण कोठे घालावा आणि कोठे घालू नये ह्याविषयी साहेबाच्या कानाची जी ओढाताण होई, तिचा हा चांगला नमुना आहे. १९२७ साली ब्रिटिश साम्राज्याच्या 'बीम' बिनतारी योजनेची भारतीय शाखा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र खडकीला, आणि ग्रहण केंद्र तेथून लोहमार्गाने सुमारे ८० किलोमीटरवर दौंडला होते. इंग्लंडच्या बाजूस हीच विभागणी ग्रिम्स्बी आणि स्केगनेस अशी होती. दोन केंद्रे दूर ठेवण्याचे कारण साधे आहे. जवळचा बलवान प्रक्षेपक चालू असताना हजारो मैलांवरून आलेला क्षीण संदेश ऐकणे म्हणजे नगाऱ्याशेजारी बसून कुजबुज ऐकण्यासारखे आहे. उंच मनोऱ्यांवर पडद्यासारख्या ताणलेल्या तारांचे आकाशक बांधून लहरी एकाच दिशेस वळविल्या जात, म्हणून 'बीम' हे नाव. दौंडला टिपलेला संदेश जमिनीवरील तारेने मुंबईला जाई. १९३२ साली ही बिनतारी कंपनी समुद्री तारांच्या कंपनीशी जोडली गेली, १९४७ साली सरकारने ती ताब्यात घेतली, आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस ह्या नावाने तिचा कारभार सुरू झाला.

आता ह्या वैभवाखालचा पाया पाहावा. बीम योजना लघुलहरींवर चालत होती, आणि लघुलहरींचे मोल ओळखण्यात हौशी मंडळींचा वाटा फार मोठा होता. अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्याने खाजगी केंद्रांना २०० मीटरांवरील लहरी वापरण्यास बंदी घातली. लांब पल्ल्यास लांब लहरीच हव्यात असा त्या वेळच्या तज्ज्ञांचा ग्रह होता. २०० मीटरांखालचा पट्टा त्यांच्या लेखी भंगार होता, आणि म्हणूनच तो हौशांच्या पदरात पडला. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन हौशांचे संकेत स्कॉटलंडमध्ये ऐकू आले. नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिका व फ्रान्स ह्यांच्यामध्ये शंभर मीटरांच्या आसपासच्या लहरींवर दुहेरी संभाषण झाले. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी लंडनजवळच्या मिल हिल शाळेतील सेसिल गॉयडर नावाच्या विद्यार्थ्याने न्यूझीलंडमधील फ्रँक बेल ह्याच्याशी संपर्क साधला. मार्कोनी आणि फ्रँकलिन ह्यांचे स्वतंत्र प्रयोगही ह्याच सुमारास चालू होते, आणि केवळ हौशांनीच हा शोध लावला असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि टाकून दिलेल्या पट्ट्यात सोने सापडले ते बव्हंशी ह्या गवशांना, हे निर्विवाद आहे. तीन वर्षांच्या आत तेच सोने दौंडच्या मनोऱ्यांवर साम्राज्याचे व्यापारी निरोप वाहू लागले. शाळकरी गॉयडर पुढे १९३६ साली भारतात येऊन ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता झाला, आणि देशाच्या लघुलहरी ध्वनिक्षेपणाची उभारणी त्याच्या देखरेखीखाली झाली.

भारतात पहिला हौशी परवाना १९२१ साली कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्त ह्यांना मिळाला. १९२३ साली मुंबईच्या रेडिओ क्लबाने हौशी पातळीवर ध्वनिक्षेपण केले. १९२९ पासून भारतीय केंद्रांच्या संकेतनामांना 'व्ही यू' ही आद्याक्षरे लागू लागली. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत परवानाधारकांची संख्या पन्नासाच्याही आत होती, आणि तीत युरोपीयांचा भरणा मोठा होता. पन्नास माणसे एवढ्या अफाट देशात विखुरलेली असताना त्यांची जत्रा भरणार कशी? पण संख्या हे एकच कारण नव्हे. ती वाढल्यावरही येथे डेटन उभे राहिले नाही. खरे कारण कायद्याच्या शब्दांत शोधावे लागते.

१९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्यावाचून बिनतारी उपकरण नुसते बाळगणे हाही गुन्हा ठरविला. त्यापूर्वीचा १८८५ चा तारायंत्र कायदा उपकरण चालविण्यावर बंधन घालीत होता. नव्या कायद्याने ते घरात असण्यावरच घातले. एवढ्यावरून पाहता उघड्या मैदानात प्रक्षेपक मांडून बसणे अशक्यच झाले असते. परंतु 'उपकरण' म्हणजे काय हे सांगताना कायदेकारांना एक अपवाद करणे भाग पडले. इतर विद्युत्-कामांसाठी सर्रास वापरले जाणारे साहित्य, ते बिनतारीसाठी खास बनविलेले अथवा बदललेले नसेल, किंवा एखाद्या बिनतारी उपकरणाचा घटक बनलेले नसेल, तर ते 'उपकरण' नव्हे. म्हणजे तांब्याची तार, रोधक, संधारक, स्विच, रोहित्र ही सुटी असेतोवर बाजारातली साधी वस्तू; तीच एकत्र जोडली की परवान्याची वस्तू. वस्तूचा धर्म तिच्या ठिकाणी नसून तिच्या संबंधांत आहे, असा हा सिद्धांत. भाषेच्या अभ्यासकाला तो अपरिचित वाटू नये. सुटा वर्ण आणि पदातील वर्ण ह्यांत नेमका हाच भेद असतो. व्यवहारात त्याचा परिणाम असा झाला की, महाराष्ट्रातील हौशी देवघेव यंत्रांची न होता सुट्या भागांची झाली. संपूर्ण संच परवानाधारकाकडून परवानाधारकाकडे, ओळखीने व कागदपत्रांनिशी जाई. सुटे भाग मात्र कोणाकडूनही कोणाकडे जाऊ शकत. कायद्याने जत्रा बंद केली, पण तिची पाले बोहाऱ्याच्या दुकानाशेजारी उभारण्यास मोकळीक ठेवली.

१९३९ साली महायुद्ध सुरू होताच हौशी परवाने रद्द झाले आणि प्रक्षेपक पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे हुकूम निघाले. सुट्या भागांचा मार्ग किती दूरवर नेऊ शकतो हे १९४२ साली दिसून आले. २७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर ह्या काळात मुंबईत जागा बदलीत चाललेल्या काँग्रेस रेडिओमागे उषा मेहता आणि त्यांचे सहकारी होते. त्यातील प्रक्षेपक हौशी विद्येतूनच उभा राहिला होता, आणि शिकागो रेडिओचे नानक मोटवानी ह्यांच्याकडून त्याला साहित्याची मदत झाली होती. शिक्षा झाल्यावर उषाताईंना पुण्याच्या येरवडा तुरुंगात ठेवण्यात आले. ह्या प्रकरणाची राजकीय बाजू सर्वज्ञात आहे. येथे महत्त्व आहे ते एवढ्याचेच की, अडीच महिने सरकारला चकविणारे ते केंद्र कोठल्याही कारखान्यातून आले नव्हते.

युद्ध संपले आणि सुट्या भागांचा सुकाळ झाला. ब्रिटिश व अमेरिकन सैन्यांचा उरलेला माल लिलावात निघाला. ('लिलाव' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला, त्या काळात त्याची जितकी आवर्तने झाली असतील तितकी पूर्वी क्वचितच झाली असतील.) बाजारात ह्या मालाला 'डिस्पोजलचा माल' असे सुटसुटीत नाव मिळाले. खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर अशी लष्करी ठाणी पुणे-नाशिक-नगरच्या मुलुखात दाटीने वसलेली. अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, दौंड-मनमाड लोहमार्गावर, आणि पुण्याहून तिकडे जाणारी सडक शिरूरवरून. छावणी आणि बाजार ह्यांचे नाते तर ह्या भागात फारच जुने आहे. शिरूर ऊर्फ घोडनदी हे गाव १८०२ च्या वसईच्या तहानंतर इंग्रजांच्या तैनाती फौजेचे ठाणे बनले. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेली तुकडी शिरूरहूनच निघाली होती. १८०९ साली तेथे वारलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्याला आसपासच्या लोकांनी 'सत्पुरुष' म्हणून धूप घालावा, इतकी ती छावणी गावच्या अंगवळणी पडली होती.

डिस्पोजलचा माल अखेर ज्या बाजारांत येऊन थांबला ते म्हणजे मुंबईचा चोरबाजार व लॅमिंग्टन रोड, आणि पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार. पुढे बुधवार पेठेतील तपकीर गल्लीच्या परिसरात विजेच्या मालाची दुकाने दाटली. ह्या बाजारांचे वैशिष्ट्य असे की, विकणारा माल ओळखीत नसे आणि घेणारा ओळखीत असे. विकणाऱ्याच्या दृष्टीने तो पितळेचा, तांब्याचा, ॲल्युमिनियमचा ढीग. भाव शेरावर, दशमान मापे आल्यावर किलोवर. घेणाऱ्याच्या दृष्टीने त्या ढिगात एक '८०७' असे. ८०७ हा मूळचा प्रक्षेपणासाठी बनविलेला काचेचा वाल्व. युद्धकाळात तो प्रचंड संख्येने तयार झाला, आणि युद्धानंतर जगभरच्या हौशांच्या प्रक्षेपकांत शेवटच्या टप्प्यावर विराजमान झाला. ह्या मंडळींच्या बोलीत आकडे हीच नामे बनली. '८०७ आहे का?' असा प्रश्न पुरेसा होई. ज्याला आकडा वाचता येतो त्याला हिरा, न येणाऱ्याला काच. अमेरिकन विमानांतील 'बीसी-३४८' हा ग्राहक ज्याच्या हाती लागला त्याचे तर दैव उघडले असे मानीत. अर्थात असा पूर्ण ग्राहक परवान्याच्या कक्षेत येई, आणि परवान्याची अडचण नको म्हणून तो खोलून, त्याचे भाग करून विकणे दुकानदाराला बरे वाटे. मोडण्यापूर्वी जो पोचला तो भाग्यवान.

येथे अदलाबदलीचा खरा प्रकार दुसऱ्या पायरीवर होई. जुन्या बाजारातून मिळालेला माल कधीच नेमका हवा तेवढा नसतो. एकाला संधारकांची पेटी मिळे, दुसऱ्याला स्फटिकांची. प्रक्षेपकाची लहर स्थिर ठेवणारा क्वार्ट्झचा स्फटिक ठराविक कंप्रतेसाठी कापलेला असतो. ती कंप्रता हौशांच्या पट्ट्यात पडत नसेल तर तो निरुपयोगी, आणि पडत असेल तर अमोल. मग घरोघरी देवघेव चाले. एक वाल्व घ्यावा, दोन स्फटिक द्यावे. पुढच्या खेपेस रोहित्र गुंडाळून द्यावे. मीटर उसना न्यावा. ह्या व्यवहारात पैसा क्वचित दिसे, आणि त्याचे कारण औदार्य हे नसून किंमत ठरविण्याचे साधनच नव्हते हे होय. दुकानात जी वस्तू मिळतच नाही तिची किंमत कोणत्या रुपयांत सांगणार? वस्तूबरोबर तिच्या वापराचे ज्ञानही जाई : ह्या वाल्वला किती दाब सोसतो, तो तापला तर काय करावे, मूळ लष्करी संच्यात तो कोठे होता. एखादा भाग निकामी निघाला तर देणाऱ्याला पुन्हा तोंड दाखवायचे असे. विश्वासावर चाललेली देवघेव विश्वास तुटताच किती भडकते, हे ह्याच मुलुखाने एकदा पाहिलेले आहे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे गावात सावकारावर पडलेला बहिष्कार, आणि मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजाराच्या दिवशी पेटलेली खतांची होळी! त्या संघर्षाची कारणे अगदी निराळी व कितीतरी गंभीर होती. परंतु देण्याघेण्यामागे दोन माणसांची ओळख असावी लागते, आणि कागद ती जागा घेऊ लागला की व्यवहाराचा स्वभाव पालटतो, एवढे साम्य दृष्टीआड करता येत नाही.

ह्या सर्व व्यवहारात दौंड आणि शिरूरची खेडी कोठे होती? प्रामाणिक उत्तर असे की, फार काळ ती श्रोत्याच्याही जागी नव्हती. दौंडच्या मनोऱ्यांवर लंडनचे संदेश उतरत असता भोवतालच्या वाड्यांत ग्राहकयंत्र ही अपूर्वाई होती. वीज नाही, म्हणून कोरड्या बॅटऱ्यांचा संच हवा, तो महाग. शिवाय घरच्या रेडिओलाही टपालकचेरीतून दरसाल परवाना काढावा लागे. पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल ह्या महिन्यांत युनेस्कोच्या साहाय्याने ह्या केंद्राच्या टापूतील पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा प्रयोग करण्यात आला. आठवड्यातून दोन याप्रमाणे वीस कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ते ऐकले आणि त्यांवर चर्चा केली. पॉल न्यूरथ ह्यांनी केलेल्या पाहणीत चर्चा करणाऱ्या गावांचे ज्ञान इतर गावांपेक्षा स्पष्टपणे वाढलेले आढळले. हा प्रयोग हौशी बिनतारीचा नव्हे. तरीही त्याचा येथे संबंध आहे. सामुदायिक संच आला की तो बिघडणारही, आणि बिघडला की दुरुस्ती करणारा लागणार.

आठवडे बाजारात कुलपे, छत्र्या, स्टोव्ह आणि विजेऱ्या दुरुस्त करणारे बसतच असत. १९६० नंतर ट्रान्झिस्टर स्वस्त होऊ लागला तशी त्यांच्या पंक्तीला रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची पेटी आली. त्याच्याजवळ परवान्याचे संकेतनाम नव्हते, मोर्सची लिपी त्याला येत नव्हती, आणि 'हौशी' हा शब्द त्याने स्वतःला कधी लावला नसता. त्याची हौस पोटापाण्याची होती. परंतु विद्या तीच, आणि मालाची वाटही तीच : पुण्याच्या जुन्या बाजारातून पिशवीत येणारे सुटे भाग. शहरातील परवानाधारक हौसे आणि तालुक्याच्या बाजारातील हा कारागीर एकाच ढिगातून वेचीत होते, ही गोष्ट ह्या विषयावर लिहिणाऱ्यांच्या नजरेतून निसटली आहे. हौशी बिनतारीचा इतिहास केवळ परवान्यांच्या यादीवरून लिहिला की अर्धी माणसे बाहेर राहतात.

१९८४ साली सरकारने बिनतारी उपकरणांवरील आयात शुल्क माफ केले, आणि येथून बाजाराचे स्वरूप झपाट्याने पालटले. परवानाधारकांची संख्या वाढत जाऊन पुढे हजारांत गेली. घरगुती ग्राहकाचा परवानाही त्याच दशकात रद्द झाला. परदेशी बनावटीचे तयार संच येऊ लागले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला तेव्हा हौशी मंडळी आपले संच घेऊन मदतीस धावली, आणि ह्या छंदाला लोकांच्या नजरेत प्रतिष्ठा आली. जत्रेच्या भाषेत बोलावयाचे तर नवसे दिसू लागले. हा लाभ कमी लेखण्याचे कारण नाही. भूकंपग्रस्त खेड्यात बसून कोणी स्फटिकाची कंप्रता जुळवीत बसू शकत नाही. तेथे तयार व भरवशाचा संचच हवा. मात्र तयार संचाला किंमत असते, ती सर्वांना ठाऊक असते, आणि म्हणून तो पैशानेच विकला जातो. 'हॅमफेस्ट' नावाचे मेळावे भारतातही भरू लागले व त्यांत जुन्या मालाला जागा मिळाली, तोवर अदलाबदलीचे मूळ कारण उरले नव्हते. लोक लोभी झाले म्हणून साटेलोटे संपले असे म्हणणारे कारण आणि परिणाम ह्यांची गफलत करतात.

जुनी वृत्ती समूळ गेली असेही नाही. हैदराबादचे अश्हर फरहान ह्यांनी ह्या शतकाच्या आरंभी 'बिट्एक्स' नावाचा प्रक्षेपक-ग्राहक रचला. परदेशातून खास भाग मागविता येत नाहीत, हे गृहीत धरूनच त्याची आखणी झालेली होती. तारेची वेटोळी घालण्यासाठी त्यांनी नळात बसविण्याचा वायसर सुचविला. कोठल्याही तालुक्याच्या गावी नळदुरुस्तीच्या दुकानात मिळणारी ही वस्तू. ह्या रचनेचा जगभर प्रसार झाला. १९३३ च्या कायद्याने नकळत जी वाट ठेवली होती, 'इतर कामांसाठी सर्रास वापरले जाणारे साहित्य', तिचा इतका सुंदर वापर क्वचितच कोणी केला असेल.

दरम्यान भीमेच्या परिसरात दोन गोष्टी घडल्या. १९७१ साली जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे उपग्रह-भूकेंद्र सुरू झाले आणि परदेशी संदेशवहनातील लघुलहरींचे महत्त्व ओसरू लागले. ज्या पट्ट्याला हौशांनी भाव आणला तो व्यापाराने पुन्हा सोडला, आणि त्यात हौसे उरले. दुसरी गोष्ट शिरूर तालुक्यातील. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत दूरचित्रवाणी संच, शीतकपाटे ह्यांसारख्या वस्तूंचे मोठे कारखाने आले. ज्या गणपतीच्या उत्सवाला हौसे, नवसे, गवसे लोटतात त्याच्याच शिवारात यंत्रे लक्षावधींनी तयार होऊ लागली. पण त्यांच्या आतील मंडलाच्या तबकडीवर बसविलेले सूक्ष्म भाग हाताने सुटे करता येत नाहीत. त्यांवर बहुधा वाचता येईल असा आकडाही नसतो. ढिगात ८०७ शोधणाऱ्याची विद्या येथे आंधळी होते. असा संच बिघडला की त्याची तबकडी बदलतात, आणि जुनी वजनावर जाते.

वजनावर गेलेल्या ह्या मालाची व्यवस्था २०११ साली प्रथम केलेल्या, आणि २०२२ साली पुन्हा घडविलेल्या व १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनी केली आहे. शिसे, पारा ह्यांसारखी द्रव्ये उघड्यावर जाळली जाण्याचा धोका खरा आहे, आणि तो घालविण्यासाठी नियम हवेतच. मोडक्या वस्तू दुरुस्त करून पुन्हा चलनात आणणाऱ्यांनाही ह्या नियमांत नोंदणीची वाट ठेवलेली आहे. परंतु त्यांतील व्याख्या १९३३ च्या व्याख्येशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे. कचरा म्हणून टाकलेले विद्युत् व इलेक्ट्रॉनिक उपकरण, मग ते संपूर्ण असो वा अंशतः, म्हणजे ई-कचरा. दुरुस्तीतून निघालेला नाकारलेला मालही त्यातच मोडतो. जुन्या कायद्याने सुट्या भागाला उपकरणाच्या व्याख्येबाहेर काढून बाजारात सोडले होते. नव्या नियमांनी त्याला कचऱ्याच्या व्याख्येत घेऊन बाजारातून उचलले. १८८५ आणि १९३३ च्या कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२३ साली दूरसंचार कायदा संमत झाला आहे. नव्या व्यवस्थेत शिरूर-दौंडच्या आठवडे बाजारात पेटी मांडून बसणाऱ्या कारागिराने जुन्या संच्यातून काढून ठेवलेला एक चांगला रोधक कोणत्या सदरात घालावा, हे ठरावयाचे आहे.